वायोमिंगचा पापडखार

चैत्र-वैशाखात घरी उडदाचे पापड व्हायचे तेव्हा पिठात पापडखाराचं पाणी घालण्याचं काम आई कुणावर सोपवत नसे. खार कमी पडला तर पापड तळताना फुलत नाही आणि जास्त झाला तर लाल पडतो. त्या पांढऱ्या भुकटीच्या पुडीवर कधी गावाचं नाव नसायचं. ती कुठून येते हा प्रश्न मला कितीतरी उशिरा पडला. उत्तर शोधत गेलो आणि येऊन पोचलो ते अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, जमिनीखाली दीड हजार फुटांवर. आईची पुडी तिथून आली होती असं मी म्हणत नाही, पण ती ज्या घराण्यातली, त्या घराण्याचं जगातलं सगळ्यात मोठं कोठार तिथे आहे.

आधी घराणं समजून घेऊ. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पापडखार ही सख्खी-चुलत भावंडं आहेत. सगळ्यांच्या मुळाशी सोडियम आणि कार्बोनेट. कारखान्यात यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे धुण्याच्या सोड्याचं कोरडं रूप, सोडा ॲश. ॲश म्हणजे राख. पूर्वी हा सोडा खारट जमिनीतल्या आणि समुद्रकाठच्या वनस्पती जाळून, त्यांच्या राखेतून काढत, म्हणून हे नाव. आपला साजीखारही तसाच राखेतून निघायचा.

सोडा ॲश लागते कुठे? साबण आणि धुण्याच्या पावडरीत लागते, कागदाला लागते, असंख्य रसायनांना लागते. पण जवळजवळ निम्मी खपते काचेत. काच म्हणजे मुख्यतः वाळू, आणि वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. वाळूत सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी उष्णतेत वितळते. मग पाण्यात विरघळू नये म्हणून थोडा चुना. वाळू, सोडा, चुना: खिडकीची काच, लोणच्याची बरणी, औषधाची बाटली, छतावरच्या सौर पॅनेलचं झाकण, सगळ्यांची पाककृती थोड्याफार फरकाने हीच. गाडीच्या बॅटरीत जाणारं लिथियम खाऱ्या पाण्यातून वेगळं करतानाही हाच सोडा घालावा लागतो. इतकी साधी, इतकी स्वस्त आणि इतकी सगळीकडे लागणारी वस्तू असूनही तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलंय याचं मला वाईट वाटतं.

आता वायोमिंग. क्षेत्रफळ अडीच लाख चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ७७ हजारांच्या आसपास. एकट्या अमरावती शहरात याहून जास्त माणसं राहतात. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सर्वांत कमी वस्तीचं राज्य हेच. उंच, कोरडं पठार, गुरांची कुरणं, हिवाळ्यात रस्ते बंद पाडणारा वारा. बाहेरच्यांना ते ठाऊक आहे यलोस्टोनच्या गरम झऱ्यांसाठी आणि कोळशासाठी. अमेरिकेतला सुमारे ४० टक्के कोळसा या एका राज्यातून निघतो. त्यात तेल आणि नैसर्गिक वायूची भर घाला, म्हणजे राज्याचा संसार कशावर चालतो ते कळेल.

इंधन सोडून जी खनिजं निघतात त्यांना सरकारी भाषेत इंधनेतर खनिजं म्हणतात. कोळशाच्या सावलीत ती झाकली जातात. पण कोळशाला पर्याय सापडत गेले, वीज वायूवर, वाऱ्यावर आणि उन्हावर बनू लागली, आणि २००८ नंतर वायोमिंगचा कोळसा उतरणीला लागला. काचेतल्या सोड्याला मात्र अजून कुणाला स्वस्त पर्याय सापडलेला नाही. म्हणून या राज्याचं पुढचं भवितव्य पाहायचं असेल तर मी कोळशाच्या उघड्या खाणींआधी नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या स्वीटवॉटर परगण्यात जाईन. तिथल्या ग्रीन रिव्हर या छोट्या गावाच्या पश्चिमेला तो दगड आहे: ट्रोना.

ट्रोना म्हणजे धुण्याचा सोडा, खायचा सोडा आणि पाणी, तिन्ही निसर्गानेच एकत्र बांधून दिलेला स्फटिक. रंगाने मधासारखा पिवळट-तपकिरी, नखापेक्षा जेमतेम कठीण. हे नाव ज्या अरबी शब्दावरून आलं तो ‘नत्रून’. मृतदेह टिकवण्यासाठी प्राचीन इजिप्तचे लोक वापरत तोच हा क्षार.

हा साठा झाला कसा, ते समजायला मराठी माणसाला वायोमिंगपर्यंत जायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पुरेसं आहे. लोणारच्या विवरातलं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास जातो. आसपासच्या खडकांची झीज होते, पाण्याबरोबर क्षार तळ्यात येतात, आणि तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. कॅल्शियम असेल तर ते आधी चुनखडी होऊन खाली बसतं. सोडियम विरघळलेलं राहतं, दाट होत जातं, आणि कडक उन्हाळ्यात काठावर पांढरा थर धरतो. लोणारचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हा थर गोळा करत. त्याच्या प्रतींना नावंही होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. अकबराच्या काळातल्या नोंदींतसुद्धा इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो असा उल्लेख आहे.

आता लोणार हजारो पटींनी मोठं करा आणि पाच कोटी वर्षं मागे जा. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात तेव्हा एक विशाल तळं होतं. भूशास्त्रज्ञ त्याला गोसियूट तळं म्हणतात. हवा उष्ण होती. ओल्या काळात तळं पसरे आणि तळाशी चिखल साचे. कोरड्या काळात ते आटत जाई आणि चिखलावर ट्रोनाचा थर बसे. मग पुन्हा पाऊस, पुन्हा चिखल. हे चक्र लाखो वर्षं चाललं. आज जमिनीखाली जाडजूड म्हणावेत असे ट्रोनाचे पंचवीसेक थर एकावर एक आहेत, अधेमधे चिखलाचा झालेला शेल खडक. आजच्या वेगाने उपसत राहिलं तरी हे एक हजार वर्षांहून जास्त पुरेल.

आणि हे कुणाला माहीतच नव्हतं. वर फक्त झुडपं आणि हरणं. १९३८ साली एक कंपनी तिथे तेल आणि वायूसाठी विहीर खोदत होती. सुमारे १६०० फुटांवरून वर आलेल्या खडकात हा मधाळ स्फटिक दिसला. इंधन शोधायला गेले आणि हाती लागलं ते इंधनेतर खनिज. पुढच्या दहा वर्षांत पहिली खाण सुरू झाली. आज अमेरिकेतली ९० टक्क्यांच्या आसपास सोडा ॲश ग्रीन रिव्हरच्या परिसरातून येते आणि त्यातली निम्म्याहून जास्त परदेशात जाते.

खाणीत काम कसं चालतं? आपल्या डोळ्यांसमोर खाण म्हटलं की बल्लारपूर-वणीकडचे उघडे खड्डे येतात. इथे तसं नाही. उभ्या विहिरीतून लिफ्टने आठशे ते सोळाशे फूट खाली जायचं. खाली उघडतं ते एक गावच: सरळ बोगद्यांचे रस्ते, चौक, वाहनं, दुरुस्तीची ठिकाणं. थर जवळजवळ सपाट आणि साधारण दहा फूट जाड असल्याने माणूस आरामात उभा राहतो. यंत्रं ट्रोना खरवडत पुढे जातात आणि मध्ये ठरावीक अंतरावर ट्रोनाचेच खांब सोडतात. छत त्यावर तोललेलं असतं. वेरूळ-अजिंठ्याच्या विहारांत कारागिरांनी खडक कोरताना खांब तसेच ठेवले, तीच ही पद्धत. फरक इतकाच की इथे मागे सोडलेला प्रत्येक खांब म्हणजे न विकलेला माल. म्हणून खांब किती जाड ठेवायचा हा या धंद्यातला सर्वांत अवघड हिशोब आहे. बारीक ठेवला तर जीव धोक्यात, जाड ठेवला तर जवळजवळ अर्धा साठा खालीच राहतो.

हा हिशोब चुकला तर काय होतं ते ३ फेब्रुवारी १९९५ ला दिसलं. एका ट्रोना खाणीचा मोठा भाग खांबांसकट खचला. धक्का एवढा मोठा होता की भूकंपमापकांवर पाचाहून जास्त तीव्रता नोंदली गेली. एका खाणकामगाराचा त्यात मृत्यू झाला. बाकीचे बाहेर आले. पांढऱ्या निरुपद्रवी भुकटीमागे ही बाजूही आहे, आणि बरणी हातात घेताना ती आठवावी असं मला मनापासून वाटतं.

वर आलेला दगड चिरडून मोठ्या फिरत्या भट्ट्यांत भाजतात. भाजताना त्यातला खायच्या सोड्याचा भाग कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सोडून धुण्याच्या सोड्यात बदलतो. कढईत खायचा सोडा गरम केला तरी तेच होतं. मग सगळं पाण्यात विरघळवायचं. सोडा विरघळतो, शेलचा चिखल विरघळत नाही, तो गाळून काढायचा. उरलेलं पाणी आटवलं की स्फटिक, स्फटिक वाळवले की सोडा ॲश. एक टन ॲशला सुमारे पावणेदोन ते दोन टन ट्रोना लागतो. घरी आपण मिठाचं गढूळ पाणी गाळून आटवावं, त्याहून फार वेगळं काही नाही.

हे सोपं वाटत असेल तर दुसरा मार्ग बघा. जगातल्या बहुतेक देशांकडे ट्रोना नाही. त्यांना सोडा ‘बनवावा’ लागतो. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वे यांनी १८६० च्या दशकात ती रीत बसवली: समुद्राचं मीठ, चुनखडी, मध्यस्थ म्हणून अमोनिया आणि भरपूर उष्णता. त्यातून सोडा मिळतो आणि सोबत कॅल्शियम क्लोराइडचं प्रचंड खारं पाणी, ज्याला पुरेसं गिऱ्हाईक नाही. इंधन जास्त, धूर जास्त, सांडपाणी जास्त. अमेरिकेत अशा रीतीचा शेवटचा कारखाना न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूसजवळ होता. तो १९८६ साली बंद पडला. वायोमिंगच्या नैसर्गिक सोड्यापुढे त्याचा टिकाव लागणं कठीणच होतं. एकाच्या कामातला अर्धा भाग निसर्गाने पाच कोटी वर्षांपूर्वी करून ठेवला होता, दुसऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती.

भारत दुसऱ्या गटात मोडतो. आपला बहुतेक सोडा गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापासून बनतो. त्यातलं मिठापूर द्वारकेजवळच्या ओखामंडळात आहे. हा भाग तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता, आणि १९३९ साली टाटा केमिकल्स तिथे उभी राहिली. याच कंपनीने २००८ साली सुमारे १ अब्ज डॉलर मोजून एक अमेरिकी सोडा कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर ग्रीन रिव्हरची खाण आली. केनियातलं मगादी तळं, जिथे ट्रोना आजही उघड्यावर तयार होतो, त्याआधीच टाटा केमिकल्सकडे आलं होतं. म्हणजे वायोमिंगच्या पठाराखालच्या एका खाणीबद्दलचे निर्णय आज मुंबईत, फोर्टातल्या बॉम्बे हाऊस या टाटांच्या मुख्यालयाशी जोडलेले आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बाहेरची कंपनी आपल्या भूमीत खाण घेते हे आपण नेहमी ऐकतो. इथे मालक आपल्याकडचा आहे आणि भूमी दुसऱ्यांची. तिथल्या पाण्याची, कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही मग त्याच मोजमापाने आपली धरायला हवी.

पण ही भूमी आहे तरी कुणाची? इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. १८६० च्या दशकात अमेरिकी सरकारला देशाच्या आरपार रेल्वे हवी होती, पण पैसे नव्हते. म्हणून युनियन पॅसिफिक कंपनीला जमीन दिली: रुळाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत, एक चौरस मैलाचे चौकोन पाडून, एक सोडून एक. एक चौकोन रेल्वेचा, शेजारचा सरकारचा. बुद्धिबळाच्या पटासारखा हा नकाशा आजही दक्षिण वायोमिंगभर आहे, आणि ट्रोना नेमका त्याच्या खाली आहे. थर मात्र चौकोन ओळखत नाही. एकच खाण खालून पुढे सरकत जाते तेव्हा तिला कधी केंद्राचा खाणपट्टा लागतो, कधी राज्याचा, कधी खासगी मालकाचा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यावं लागतं.

केंद्राच्या जमिनीवरच्या सोड्याचं स्वामित्वधन बराच काळ ६ टक्के होतं. कंपन्या म्हणाल्या, परदेशी स्पर्धेत टिकायचं तर ते कमी करा. २००६ मध्ये काही वर्षांसाठी २ टक्के झालं, नंतर पुन्हा चढलं आणि २०२१ पासून दहा वर्षांसाठी परत २ टक्क्यांवर आलं. या पैशातला जवळजवळ अर्धा वाटा राज्याला मिळतो, त्यामुळे केंद्राने दिलेली सवलत राज्याच्या शाळांना आणि रस्त्यांना जाणवते. एकदा उपसलेला टन परत येत नाही. त्यावर दर कमी करणं म्हणजे पुढच्या पिढीच्या खात्यातून कंपनीला मदत देणं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजगार वाचतो हा कंपन्यांचा मुद्दा खोटा नाही. दोन हजारांच्या आसपास लोक या खाणी-कारखान्यांत काम करतात आणि एवढ्याशा वस्तीच्या परगण्यात तो आकडा फार मोठा असतो.

वायोमिंगने एक गोष्ट मात्र शहाणपणाने केली. तिथे माणसाच्या पगारावर राज्याचा आयकर नाही, सरकार मुख्यतः खनिजांवरच्या करावर चालतं. हे किती दिवस चालणार हा प्रश्न त्यांना वेळीच पडला. १९७४ साली मतदारांनी राज्यघटना बदलून खनिज निधी उभा करायला मान्यता दिली. खनिजांवरच्या कराचा ठरावीक हिस्सा त्यात जातो. मूळ रकमेला हात लावता येत नाही, वापरायचा तो फक्त परतावा. निधीत बहुतेक पैसा कोळसा, तेल आणि वायूचा आहे, ट्रोनाचा वाटा लहान. पण विचार तोच: डोंगर विकून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे, मोडलेलं सोनं आहे, ते दुसऱ्या रूपात तरी घरात राहिलं पाहिजे. आपल्याकडे गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, त्यामागेही हीच चिंता आहे. गडचिरोलीतून लोहखनिजाच्या गाड्या निघताना महाराष्ट्रानेही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

इंधन आणि इंधनेतर यांचं भांडण खाली जमिनीतही चालतं. ट्रोनाच्या वर-खाली वायू आणि तेलाचे साठे आहेत. तेलवाल्याने वरून विहीर पाडली आणि ती खाणीच्या बोगद्याजवळून गेली, तर वायू गळून खाली काम करणाऱ्यांचा जीव जाऊ शकतो. म्हणून यंत्रांनी ट्रोना काढता येईल असा मोठा टापू केंद्र सरकारने आखून घेतला आहे आणि तिथे तेल-वायूच्या विहिरींवर निर्बंध आहेत.

ट्रोनाखेरीज राज्याचं दुसरं मोठं इंधनेतर खनिज म्हणजे बेंटोनाइट. ज्वालामुखीची राख समुद्रात पडून तिची झालेली चिकणमाती. पाण्यात टाकली की ती आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट फुगते. तिचं नावसुद्धा वायोमिंगमधल्या खडकावरूनच १८९८ साली पडलं, आणि अमेरिकेत ती सर्वांत जास्त इथेच निघते. तेलाच्या विहिरीतला चिखल, ओतकामाचे साचे, मांजरांच्या पेटीतली माती, सगळीकडे ती जाते. मुंबईत इमारतीचा पाया घालताना खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून जो राखाडी चिखल भरतात, तोही बेंटोनाइटचाच. आपल्याकडे ती कच्छहून येते. तिच्या खाणी उथळ असतात, आणि पुढचा खड्डा उघडताना निघालेली माती मागच्या खड्ड्यात भरत जातात.

पुन्हा सोड्याकडे. वायोमिंगचं खरं दुखणं अंतर आहे. माल स्वस्त आणि जड, आणि सर्वांत जवळचा समुद्र हजार किलोमीटरहून दूर. रेल्वेने पोर्टलंडच्या बंदरात पोचेपर्यंत भाड्याचा बोजा चढतो. त्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुर्कस्तानात अंकाराजवळ ट्रोनाचे दोन मोठे प्रकल्प उभे राहिले, समुद्राला त्यामानाने जवळ. चीनच्या अंतर्गत मंगोलियातही २०२३ पासून नैसर्गिक सोडा मोठ्या प्रमाणावर निघू लागला. निसर्गाने फक्त वायोमिंगलाच वारसा दिला नव्हता, हे आता उघड झालंय.

तुर्कस्तानात माणूस खाली जातच नाही. बोअरमधून गरम पाणी सोडतात, ट्रोना विरघळतो, ते पाणी वर ओढतात. ग्रीन रिव्हरमध्येही ही रीत आता रुजते आहे, आणि तीही जुन्या खाणींत. जिथे यंत्रं काम करून गेली आणि खांब मागे राहिले, त्या रिकाम्या दालनांत कारखान्यातून आलेलं पाणी सोडलं जातं. ते हळूहळू भिंतींतला आणि खांबांतला सोडा खातं, दाट होतं, आणि पंपाने वर येतं. जिथे पाच कोटी वर्षांपूर्वी गोसियूट तळं आटलं होतं, तिथे दीड हजार फुटांखाली, अंधारात, पुन्हा सोड्याचं पाणी साचलं आहे.